उभ्या माणसाची चाचणी

मोठ्या साहेबांनी नव्या काचेच्या दारासमोर उभं राहून हात वर केला, दार सर्रकन उघडलं, आणि ते मागे वळून म्हणाले, "झाली चाचणी. पास!"

सोबतचे सगळे हसले. साहेब हसले की हसायचं, ही आमच्या हॉस्पिटलची जुनी रीत आहे. राजा बोले, दल हाले. मी हसले नाही. दार विकत घेण्याची जबाबदारी माझी होती, आणि चाचणीच्या नावाखाली जो पोरखेळ चालला होता तो बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

साहेब मग झपाझप आत गेले, झपाझप बाहेर आले. एकदा तर दार मिटत असताना मुद्दाम मध्ये घुसले आणि दार मागे सरल्यावर "अरे वा!" म्हणाले. साठीला आलेला माणूस, पण रोज सकाळी पळायला जातो. असा माणूस आत-बाहेर करून बघणार असेल तर जगातलं कुठलंही दार पास होईल.

आमचं हॉस्पिटल चालणं बिघडलेल्या लोकांचं आहे. लकवा मारलेले, कंबर मोडलेले, आणि सगळ्यांत जास्त कंपवाताचे. इथे झपाझप कुणी येत नाही. लोक काठी टेकत येतात, वॉकर सरकवत येतात, मुलीच्या नाहीतर सुनेच्या दंडाला धरून येतात. त्यात कंपवाताच्या माणसाची एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते, आमच्याकडे मात्र झाडूवाल्या मावशींनाही ती ठाऊक आहे. दार आलं की त्याचे पाय जमिनीला चिकटतात. मोकळ्या व्हरांड्यात बरा चालत असलेला माणूस उंबऱ्यापाशी आला की जागच्या जागी खिळतो. तो थांबत नाही, त्याचे पाय त्याला थांबवतात. मग कितीही ढकला, ओरडा, समजवा, पालथ्या घड्यावर पाणी. पाय मनात येईल तेव्हाच सुटतात.

मला हे नोकरीत कळलं नाही, घरात कळलं. माझ्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, कंपवात आहे. त्यांचे उपचारही इथेच चालतात.

म्हणून दाराची मागणी लिहिताना मी त्यात स्पष्ट घातलं होतं: दार बसवून झाल्यावर, याच जागी, चाचणी करून दाखवायची. मिटताना दार किती जोराने दाबतं ते मापकाने मोजायचं, आणि दारात कुणी अजिबात न हलता उभं असेल तर दार मिटायचं थांबतं की नाही ते बघायचं. कंपनीने उत्तरादाखल चकचकीत प्रमाणपत्र पाठवलं. प्रमाणपत्र खोटं नव्हतं. पण ते त्यांच्या प्रयोगशाळेत उभ्या केलेल्या दाराचं होतं, जिथे वारा नाही, ऊन नाही आणि म्हातारी माणसंही नाहीत. अण्णा आयुष्यभर शिंपी होते. ते म्हणायचे, माप गिऱ्हाइकाच्या अंगाचं घ्यायचं, दुकानातल्या पुतळ्याचं नाही. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार खोलात जाता."

खोलात जाणं हेच माझं काम आहे. वरवर बघायला इथे माणसांची कमी नाही.

साहेबांची वरात पुढे गेल्यावर मी कंपनीच्या मेकॅनिकला गाठलं. तो शिडीवर चढून दाराच्या वरचं झाकण लावत होता.

"न हलणाऱ्या माणसाची चाचणी कधी करणार?" मी खालूनच विचारलं.

त्याने इकडेतिकडे बघितलं. "खरं सांगू का मॅडम? नाही होणार ती."

"म्हणजे?"

"वर दोन प्रकारचे डोळे असतात. एक नुसती हालचाल बघतो. कुणी आलं की दार उघडतो. दुसरा खाली उंबऱ्यावर नजर ठेवून असतो. कुणी गप उभं असलं तरी त्याला दिसतं. तो दुसरा मी बंद ठेवलाय."

"का?"

"दुपारी फरशीवर ऊन पडतं ना, ती चकाकते. त्याला वाटतं माणूस उभाय. दार मिटेचना. एसीची हवा बाहेर चालली म्हणून मोठे साहेब ओरडले."

"आणि मिटायचा जोर?"

तो एक पायरी खाली उतरला. "तो जरा वाढवलाय. वारा आला की दार अर्ध्यातून माघारी फिरायचं. साहेब म्हणाले, पाहुण्यांसमोर असं फिरलं तर शोभा होईल."

"मग प्रमाणपत्रातलं दार कुठे गेलं?"

"ते कंपनीत, मॅडम," तो म्हणाला आणि आपण मोठा विनोद केल्यासारखा हसला. माझा चेहरा बघून त्याचं हसू लगेच मावळलं. "होईल हो नीट. बाहेरून उन्हाला आडोसा केला, डोळ्याचा कोन बदलून बघितला, वाऱ्यासाठी आत अजून एक दार घेतलं, तर होईल. पण वेळ लागेल. तुमचं उद्घाटन तर उद्यावर आलंय."

तो काही वाईट माणूस नव्हता. तक्रार आली की तक्रार बंद करायची, एवढंच त्याला शिकवलेलं. ऊन खुपतं तर डोळा मिटा, वारा ढकलतो तर आपण जास्त जोराने ढकला. दार नेमकं कुणासाठी आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांनी सांगायला हवं होतं, त्यांनी एसीची काळजी केली.

मी गोदामातून सलाइनच्या बाटल्यांचं रिकामं खोकं उचलून आणलं आणि साहेबांना त्यांच्या खोलीतून अक्षरशः ओढत दारापाशी नेलं. खोकं उंबऱ्यावर ठेवलं आणि आम्ही दोघं लांब उभे राहिलो. दोन्ही बाजूंनी काचा आल्या, खोक्याला भिडल्या, आणि थांबल्या नाहीत. खोकं आधी मधोमध फुगलं, मग कडेने टरकलं. पार चिपाड झाल्यावर कुठे दाराला वाटलं की आता मागे सरावं.

"बघितलंत?" मी म्हणाले.

"बघितलं," साहेब म्हणाले. "पण खोकं हलतं का? सेन्सर हालचाल बघतो. निर्जीव वस्तू ठेवून काय सिद्ध होणार?"

त्या क्षणी त्यांच्या डोक्यावर ते खोकं घालावं असं मला वाटलं. मी हात मागे बांधले आणि म्हणाले, "साहेब, उद्घाटन पुढे ढकला. नाहीतर दार नुसतं उघडं ठेवा आणि फीत कापा."

"देणगीदार बाई स्वयंचलित दार बघायला येणार आहेत. उघडं भोक बघायला नाही. उद्घाटन होऊ दे, मग तुमची काय ती चाचणी सावकाश करू."

"वरातीमागून घोडं कशाला? आणि मी दार ताब्यात घेतल्याची सही करणार नाही."

"नका करू." त्यांनी माझ्याकडून ताब्याचा कागद मागून घेतला, भिंतीला टेकवून स्वतः सही केली आणि परत दिला. "झालं? आता यात तुमचा काही संबंध नाही. बरं, तुमच्या वडिलांना म्हणावं, उद्या छान कपडे घालून या. नव्या दारातून पहिले रुग्ण म्हणून तेच आत येणार आहेत. फिजिओ मॅडमनी नाव दिलंय त्यांचं. फार खूश आहेत म्हणे."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी ते फाटकं खोकं उचललं आणि काही न बोलता निघाले. बोलले असते तर नोकरी गेली असती, आणि उद्या त्या दारापाशी मला उभं राहायचं होतं.

घरी पोचले तर अण्णा स्वयंपाकघराच्या दारात सराव करत होते. उंबऱ्यावर त्यांनी लाल कापडाची पट्टी चिकटवली होती. फिजिओ मॅडमची युक्ती. जमिनीवर ओलांडायला काही दिसलं की खिळलेला पाय कधीकधी सुटतो. अण्णा पट्टीकडे बघत थरथरत उभे होते, ओठातल्या ओठात मोजत होते. मी दारातच थांबले. बऱ्याच वेळाने पाय उचलला गेला आणि ते पलीकडे गेले.

"आल्या फौजदार," ते म्हणाले. या आजाराने त्यांचा आवाजही खाली गेलाय. जवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नाही, पण टिंगल करायची खोड गेलेली नाही. खुर्चीवर त्यांचा पांढरा सदरा कडक इस्त्री करून ठेवला होता.

"अण्णा, उद्या जायचं नाही."

"का गं?"

मी सगळं सांगितलं. डोळा, जोर, खोकं, सही. ते ऐकत राहिले. कंपवातात चेहरा फारसा हलत नाही, त्यामुळे काय वाटतंय ते कळायला वेळ लागतो.

"दार अंगावर आलं म्हणजे मरेन का?"

"कंबर मोडेल. या वयात कंबर मोडली की माणूस उठत नाही."

"दार आणलं कुणी? तूच ना?"

"मी मागितलं होतं ते हे नाही!" मी ओरडले.

"माझ्यावर कशाला ओरडतेस? मी लावलंय का?" ते हळूहळू खुर्चीत बसले. "त्या हॉस्पिटलात मला पहिल्यांदा आणलं तेव्हा दोघांनी उचलून आत नेलं होतं. पोतं नेतात तसं. एक जण दुसऱ्याला म्हणाला, जड आहे रे म्हातारा. मी ऐकत होतो. उद्या मी माझ्या पायांनी आत जाणार, चार लोकांसमोर. दाराचं काय करायचं ते तू बघ."

"हट्ट सोडा, अण्णा."

"तू सोडतेस का कधी?"

मी ताटं आपटली, पाण्याचा तांब्या आपटला, त्यांच्या गोळ्यांची डबीसुद्धा आपटली. अण्णा निमूट जेवले. हात थरथरतात म्हणून त्यांच्या सदऱ्याची बटणं हल्ली मीच लावते. त्या रात्री मी म्हणाले, उद्या तुमची बटणं तुम्हीच लावा. सकाळी उठून बघते तर ते सदरा घालून तयार बसलेले. एकच बटण चुकलं होतं. ते सोडवून नीट लावताना मला त्यांचा राग आला, साहेबांचा आला, मेकॅनिकचा आला, आणि त्या रागाच्या तळाशी नुसती भीती होती हे मला कळत होतं.

दारासोबत दोन किल्ल्या आल्या होत्या. आतल्या भिंतीत एक बारीक खाच आहे, तिथे किल्ली फिरवली की दार आपोआप चालतं, बंद राहतं किंवा कायम उघडं राहतं. एक किल्ली साहेबांकडे गेली. दुसरी गोदामात, म्हणजे माझ्याकडे होती. ती मुठीत धरूनच मी कार्यक्रमाला उभी राहिले.

फीत कापली. देणगीदार बाई आत आल्या, दार उघडलं आणि मिटलं. टाळ्या. साहेब आत आले, दार उघडलं आणि मिटलं. टाळ्या. मग फिजिओ मॅडम अण्णांना घेऊन बाहेरच्या पायवाटेवर आल्या. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मी भिंतीला टेकले, पाठीमागे हात नेला आणि किल्ली फिरवली. दोन्ही काचा कडेला जाऊन थांबल्या.

मला त्याची लाज वाटली नाही. माझा बाप येत होता.

अण्णा वॉकरशिवाय आले. नुसती काठी. दारापर्यंत चांगले चालले आणि उंबऱ्यावर जे व्हायचं तेच झालं. पाय खिळले. गुडघे थरथरायला लागले, काठीचं टोक फरशीवर टकटक वाजायला लागलं. साहेबांचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. फिजिओ मॅडम हळूच म्हणत होत्या, "ओलांडा अण्णा, ओलांडा." मी अण्णांकडे बघत नव्हते, काचांकडे बघत होते. काचा जागच्या हलल्या नाहीत. आणि मग पाय उचलला गेला, दुसरा उचलला गेला, आणि अण्णा आत आले.

काय टाळ्या पडल्या! देणगीदार बाईंचे डोळे भरून आले. अण्णांना खुर्चीत बसवलं, आणि त्यांच्या त्या न हलणाऱ्या चेहऱ्यावर हसू वर यायला लागलं, अगदी सावकाश. किती दिवसांनी मी ते बघत होते.

साहेबांनी माइक हातात घेतला. "बघितलंत ना? आपले काका दारात थांबले, तर दारही थांबलं! काही लोकांनी शंका काढल्या होत्या. आज सगळ्यांसमोर चाचणी झाली. हे दार रुग्णाची वाट बघतं. आता बाकीच्यांनीही यायचं, एकेक करून."

बाहेर रांग उभी होती. पहिल्याच एक आजी होत्या, वॉकर धरून. त्यांना मी ओळखत होते. त्याही दारात खिळतात, अण्णांपेक्षा जास्त. त्यांच्यामागे एक मास्तर, त्यांच्यामागे लकवा झालेली एक तरुण बाई. आज किल्ली माझ्या हातात होती. उद्या? परवा? मी रोज भिंतीला टेकून उभी राहणार होते का?

साहेबांच्या हात हलवण्याने दार पास झालं नव्हतं. ते पास केलं मी. माझ्या किल्लीने, सगळ्या गावासमोर. आता कुणी चाचणी मागितली असती तर साहेबांनी माझ्याच बापाचं नाव सांगितलं असतं. इतका संताप मला साहेबांचाही कधी आला नव्हता.

मी किल्ली उलटी फिरवली, या वेळी सगळ्यांना दिसेल अशी, आणि दाराच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"मॅडम, काय करताय?" साहेबांनी माइकवरच विचारलं.

"चाचणी. आत्ताचं दार मी किल्लीने उघडं ठेवलं होतं. सगळ्यांनी मागे सरका. कुणी हात हलवू नका."

लोक का कोण जाणे, पण मागे सरकले. मी हात अंगाशी घेतले आणि हलले नाही. काचा निघालेल्या मला दोन्ही डोळ्यांच्या कडांनी दिसत होत्या. शेवटच्या क्षणी माझं अख्खं अंग म्हणालं, पळ. मला पळता आलं असतं. मी पळाले नाही.

एक काच खांद्यावर बसली, दुसरी कोपरावर. हाडात काहीतरी कटकन झालं. दार दाबत राहिलं, दाबत राहिलं, आणि मागे सरलं तेव्हा माझा तोल गेला. मी फरशीवर पडले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. फिजिओ मॅडम धावल्या. हाताला हात लावला तशी मी किंचाळले.

साहेबही धावत आले. चेहरा पांढराफटक. "अहो मॅडम, हलायचं ना! दार येताना दिसत नव्हतं का तुम्हाला?"

तेव्हा अण्णा उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, सगळे बघत राहिले. ते काहीतरी बोलले, पण कुणाला ऐकू गेलं नाही. फिजिओ मॅडमनी साहेबांच्या हातातला माइक काढून घेतला आणि अण्णांच्या तोंडापुढे धरला.

"साहेब," अण्णा म्हणाले, "हलता आलं असतं तर आम्ही इथे कशाला आलो असतो?"

कुणी टाळी वाजवली नाही. अण्णांनी माइक बाजूला सारला आणि माझ्याकडे बघितलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"माझ्या वेळी उघडंच होतं म्हणजे," ते हळू म्हणाले.

"हो, अण्णा."

"मला सांगायचं होतंस, बाई." ते परत खुर्चीत बसले. माझा हात दुखत होता त्याहून ते जास्त दुखलं.

साहेबांनी घाम पुसला. माझी किल्ली फरशीवर पडली होती, ती त्यांनी स्वतः उचलली, खाचेत घालून फिरवली, आणि काचा कडेला जाऊन थांबल्या. मग ते बाहेरच्या रांगेकडे वळून म्हणाले, "जरा तांत्रिक अडचण होती. आता दार उघडंच ठेवलंय. या, आजी, या. घाबरू नका."

आजींनी वॉकरची मूठ घट्ट धरली. त्यांनी दाराकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, मग मागे वळून मास्तरांकडे बघितलं. साहेबांनी पुन्हा बोलावलं. रांगेतलं कुणीही हललं नाही.